भांडी नेहमीप्रमाणे

९ जानेवारी

चि. मुंगी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या काकांना जाऊन उद्या तीन महिने होतील. मी कशी आहे म्हणून विचारलंस. बरी आहे. सकाळी अजून दोन कप चहा होतो, एक ओतून देते. छत्तीस वर्षांच्या हाताला तीन महिन्यांत कुठलं कळायला.

तू मागितलेल्या वह्या आज पाठवल्या. अकरा आहेत, निळ्या पुठ्ठ्याच्या, तुला आठवत असतील. शिकायला आमच्याकडे सहा वर्षं होतीस तेव्हा त्यांच्यावर चहाचा कप ठेवलास म्हणून तुला एकदाच बोलले होते हे. एरवी तू काहीही करावंस. परवा शेजारीण विचारत होती, तुमचे हे नक्की काय काम करायचे? मी म्हटलं, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आणि मी तिथेच मागच्या खोलीत काचेची भांडी धुवायचे. "मग एवढ्या वह्या कसल्या?" म्हणाली. रोजचे नमुने तपासून झाले की हे दोन तास थांबून गंजलेल्या नळातले जंतू वाढवत बसायचे, हे तिला कसं सांगू? घरच्या माणसांनाच ते खूळ वाटायचं. तुला तेवढं कधी वाटलं नाही. म्हणून वह्या तुझ्याकडेच जाव्यात. आठवण म्हणून नीट बांधून ठेवीन असं लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. माझ्याकडे राहून वाळवीच्या पोटात जायच्या.

सोबत एक खोकंही आहे. त्यात चोवीस फ्लास्क आहेत. प्रयोगशाळेत नवीन आले तेव्हा हे जुने मोडीत निघाले होते, ते यांनी घरी आणले. जुन्या चादरींत गुंडाळलेत. वापर, नाहीतर फुलं ठेव.

घर फार शांत आहे, पण तसं ते आधीही शांतच होतं. तुझे काका बोलणाऱ्यांतले नव्हते. लग्नानंतर मला कधी छान दिसतेस म्हणाले नाहीत, आणि मीही त्याची वाट पाहिली नाही. पण तीन वेळा, मी काही न म्हणता, स्वतःहून म्हणाले होते, "दमलीस, बहिणीकडे आठ दिवस जाऊन ये." रजेचा अर्जसुद्धा स्वतः लिहून दिला. ताई म्हणाली होती, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. एवढ्यावर मी जन्म काढला असं म्हटलंस तरी चालेल.

वह्या पोचल्या की कळव.

काकू

*

२ फेब्रुवारी

प्रिय काकू,

सगळं पोचलं. दोन फ्लास्क वाटेत फुटले, बाकी बावीस धडधाकट आहेत. वह्या उघडल्या आणि पहिल्याच पानावर काकांचं ते मुंगीच्या पावलांसारखं अक्षर. मला मुंगी म्हणायचे आणि स्वतः असं लिहायचे.

तुला आठवतं, जेवताना ते मला त्या छोट्या आरएनएबद्दल सांगायचे? तू म्हणायचीस, पोरीला घास तरी गिळू द्या. एकदा मी विचारलं, ज्या आरएनएपासून प्रथिन बनतच नाही, तो पेशी ठेवते कशाला? तर म्हणाले, "सासूबाईंना घरात कशाला ठेवतात? स्वतः काही करत नाहीत, पण कोणी काय करायचं नाही ते ठरवतात." तू आमटीचं... नाही, तू हातातला डाव दाखवलास त्यांना, एवढं आठवतंय.

आता एक छोटीशी गंमत. वह्या वाचताना वाटलं, काकांचा एखादा प्रयोग त्यांच्या आठवणीसाठी आपणही आमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत करून बघावा. त्यांनी जंतू वाढवले, त्यातला आरएनए काढला, वीज सोडून जेलच्या पातळ थरातून सरकवला, आणि छोट्या आरएनएची रेघ आली. स्पष्ट, काळी. मी तेच केलं तर रेघ येत नाही. बाकी सगळं त्यांनी बारीक लिहिलंय, पण भांड्यांच्या रकान्यात प्रत्येक पानावर दोनच शब्द, "भांडी नेहमीप्रमाणे". काका भांडी कशी धुऊन घ्यायचे, तुला काही आठवतं का? घाई नाही. सहज विचारलं.

बांधणीवाला शोधते आहे.

तुझी
मुंगी

*

११ फेब्रुवारी

चि. मुंगी,

मला काही आठवतं का म्हणून विचारतेस? अगं, सव्वीस वर्षं धुतली आहेत मी ती. झोपेत उठवून विचारलंस तरी सांगीन.

आधी गरम पाणी आणि साबण. मग सौम्य आम्लात एक अख्खा दिवस बुडवून ठेवायची. हातमोजे घाल, माझ्या मनगटावरचा डाग तू पाहिला आहेस. मग शुद्ध पाण्याने सात वेळा खळबळायची, सात म्हणजे सात. पाचव्या वेळेला कंटाळा येतो, तो येऊ द्यायचा आणि सहावं पाणी घ्यायचं. मधे एकदा आतून घासून घ्यायची, ते काय, कोणालाही येतं. शेवटी लाकडी खुंट्यांवर उलटी टांगायची. पुसायची नाहीत. यांना एकदा मी म्हटलं, इतकी सोवळ्यातली भांडी कशाला? तर म्हणाले, लोह नको. कणभरसुद्धा नको.

तेव्हा मी पुढे विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही, म्हणून वाचते आहे. हसू नकोस. सातवी झालेली बाई मी. पण वाचनालयात शाळेची जीवशास्त्राची पुस्तकं आहेत, आठवी, नववी, दहावी अशी क्रमाने घेतली. मग कॉलेजचं एक जाड पुस्तक. ग्रंथपालबाई म्हणाल्या, नातवासाठी का? मी म्हटलं, नवऱ्यासाठी.

बघ, मला जमलं का. पेशीत आरएनए म्हणजे बहुतेक चिठ्ठ्या. चिठ्ठी वाचून प्रथिन बनतं. पण या छोट्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं. तो दुसऱ्याच्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि ती चिठ्ठी रद्द होते. आणि तो हवा तेव्हाच बनतो. लोह भरपूर असलं की एक प्रथिन लोह धरून त्याच्या दारातच बसतं, त्याला बनूच देत नाही. लोह संपत आलं की ते प्रथिन उठतं, दार मोकळं होतं, छोटा बनतो आणि लोह उधळणाऱ्यांच्या चिठ्ठ्या रद्द करत सुटतो. टंचाईत घर चालवायचं तर कोणीतरी नाही म्हणायला लागतं ना, तसं.

एक मात्र यांनी चुकीचं सांगितलं होतं. पुस्तकात आहे की असे काही छोटे आरएनए ज्या चिठ्ठीला चिकटतात तिच्याबरोबर स्वतःही तुटून जातात. म्हणजे सासूबाई नव्हेत. सासूबाई टिकतात.

किती दिवसांनी एवढं मोठं पत्र लिहिलं. तू विचारलंस म्हणून. आणखी काही विचारायचं असेल तर विचार.

काकू

*

२० मे

प्रिय काकू,

रेघ आली. तुझ्या पद्धतीने, काकांच्या फ्लास्कमध्ये. तीन वेळा केलं, तीनही वेळा आली, अगदी वहीत आहे तशी. ते फ्लास्क मी कोणाला हात लावू देत नाही. आम्लातून काढले की स्वतः नुसतं पाणी घुसळून घुसळून धुते, लहान बाळाला अंघोळ घालावी तशी. इथले लोक हसतात.

सध्या कामाचा डोंगर आहे, आमचे साहेब पाठी लागलेत. सविस्तर पत्र लवकरच. बांधणीचं लक्षात आहे.

मुंगी

*

१९ सप्टेंबर

डॉक्टरबाईंस,

तुमचं सविस्तर पत्र आलं नाही. पण तुम्ही लिहिलेलं दुसरं काही माझ्या हाती आलं.

आमच्या प्रयोगशाळेचे जुने भांडारपाल, ज्यांना तुम्ही मामा म्हणायचात, ते या महिन्याच्या पहिल्याच तारखेला घरी आले. हातात एका शोधपत्रिकेतून काढलेली नऊ पानं. म्हणाले, "वहिनी, ही आपली मुंगी ना? पेढे कुठे आहेत?" मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर शब्दकोश घेऊन बसले. नऊ पानांना मला सतरा दिवस लागले. तुमच्यासारख्यांना सतरा मिनिटं लागत असतील.

गंजलेल्या नळातला जंतू आहे. छोटा आरएनए आहे. लोह संपल्यावर तो कसा बनतो आणि लोह आल्यावर कसा थांबतो, ते पायरीपायरीने आहे. पहिलं चित्र सहाव्या वहीतलं आहे, यांनी ते वहीत चिकटवलं तेव्हा मी पाहिलं होतं. त्यातली चौथी रेघ जराशी वाकडी आहे, कारण त्या दिवशी वीज गेली होती आणि हे चडफडत घरी आले होते. तुम्ही ती पुन्हा करायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. यांचंच चित्र छापलंत.

आणि पान तीनवर भांडी आहेत. साबण, आम्ल, एक दिवस, शुद्ध पाणी सात वेळा, लाकडी खुंट्या. "आम्ही विकसित केलेली पद्धत" असं लिहिलं आहे. "आम्ही" म्हणजे कोण, ते बघायला पहिल्या पानावर गेले. चार नावं आहेत. पहिलं तुमचं, शेवटचं तुमच्या साहेबांचं. मधल्या दोघांना मी ओळखत नाही. यांचं नाव नाही. मला वाटलं शेवटी आभारात असेल. आभारात संस्थेचे आभार आहेत, यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे आहेत, आणि "कुटुंबीयांचे त्यांच्या पाठिंब्याबद्दल" आहेत.

तो पाठिंबा म्हणजे आम्ही का?

मुंगी, तू खरं सांगून मागितल्या असत्यास तरी वह्या दिल्या असत्या. मला यावर काम करायचं आहे म्हणाली असतीस तर मी स्वतः डोक्यावर घेऊन आले असते. आठवण म्हणून मागितल्यास. आणि भांड्यांचं "सहज" विचारलंस. मी किती आनंदाने लिहिलं होतं ते सगळं. ते पत्र आठवलं की मला माझीच लाज वाटते, एखाद्या घरी न बोलावता जेवून आल्यासारखी.

मला एकच हवं आहे. यांचं नाव त्या कामावर लागलं पाहिजे. कसं लावायचं ते तुम्हा शिकलेल्यांना माहीत असेल.

काकू

*

४ ऑक्टोबर

काकू,

तू मला तुम्ही म्हणालीस ते थोबाडीत बसलं. बसायलाच हवं होतं, हेही कबूल करते.

सुरुवातीला मी खरंच आठवण म्हणूनच वह्या मागितल्या होत्या. तुला पटणार नाही. मग सहावी वही वाचली, आणि मिटून परत पहिल्या पानापासून वाचली. काकांनी एका मोरीशेजारच्या टेबलावर जे केलं होतं ते मोठमोठ्या लोकांना जमलं नव्हतं. मी साहेबांना दाखवलं. नाव घालायचं म्हणून मीच आधी म्हटलं. ते म्हणाले, जो माणूस हयात नाही, ज्याला पदवी नाही, ज्याची कुठली संस्था नाही, त्याचं नाव घातलं तर लोक प्रयोगावर बोट ठेवतील. पुढच्या लेखात घालू. माझी कायम नोकरी त्या लेखावर अडकली होती. मी गप्प बसले. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

पण काकू, तू आभाराचं जे लिहिलंस, त्यावरून एक विचारते. रागाने विचारते आहे, नंतर पस्तावेन, तरी विचारते. काकांनी तरी तुझं नाव कुठे लिहिलं होतं? अकरा वह्यांत "भांडी नेहमीप्रमाणे". नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाप्रमाणे? तू त्यांच्यासाठी भांडतेस. ते तुझ्यासाठी कधी भांडले? सातव्या वहीचं एक्केचाळिसावं पान वाच एकदा. त्याची प्रत सोबत ठेवते आहे. तू वह्या न वाचता दिल्यास, म्हणून तुला माहीत नाही. वाचलं की कळेल, मी भांड्यांचं तुलाच का विचारलं.

मुंगी

(सोबतच्या प्रतीवरून)

हिला आठ दिवस बहिणीकडे पाठवले. भांडी दुसऱ्या बाईने धुतली. आम्ल तेच, पाणी तेच, सात वेळा, समोर उभे राहून मोजले. रेघ नाही.
ही परत आली. रेघ परत.

पुढील वर्षी. हिला पुन्हा पाठवले. रेघ नाही. ही परत. रेघ परत.

तिसऱ्यांदा. तेच. आता शंका नाही. फरक हिच्या हातात आहे. कारण कळत नाही.
हिला विचारावे का?

*

७ डिसेंबर

प्रिय काकू,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. भांडारपालमामांना फोन केला तेव्हा कळलं की तू बरी आहेस, रोज वाचनालयात जातेस. म्हणजे पत्रं मिळाली आहेत.

ती प्रत मी पाठवायला नको होती. तुझ्यावर सूड उगवायला ती वापरली. माझ्या पत्राला तुझ्याकडे उत्तर राहू नये म्हणून. इतकं नीच मी आयुष्यात काही केलं नाही. वह्या घेतल्या त्याहूनही नीच.

आता जे लिहिते आहे त्याचा अर्थ तू लावशील तो लाव. दोन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी आमचा प्रयोग करून पाहिला. रेघ येत नाही. त्यांनी पत्रिकेच्या संपादकांना कळवलं. मी इथल्या नव्या फ्लास्कमध्ये करून पाहिलं. तुझ्या पद्धतीने, आमच्या बाईंकडून धुऊन घेऊन, सात म्हणजे सात. येत नाही. काकांच्या फ्लास्कमध्ये येते. पण ते फुटत फुटत आता तीन राहिलेत. जानेवारीच्या दहा तारखेला संस्थेच्या चौकशी समितीपुढे प्रयोग करून दाखवायचा आहे, दहा फ्लास्कमध्ये, त्यांनी दिलेल्या. रेघ आली नाही तर लेख मागे घेतला जाईल आणि मी चित्र बनावट केलं असं ठरेल. साहेब आता म्हणतात, कुठल्या वह्यांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. तुला हसू येईल. येऊ दे.

काकांनी फरक तुझ्या हातात आहे असं लिहिलंय, पण त्यांच्या फ्लास्कमध्ये माझ्या हातानेही रेघ आली, म्हणून मला वाटतं त्या जुन्या काचेतच काही आहे. ते कुठून आणले होते? तसले आणखी कुठे मिळतील? भांडारपालमामांना माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग. मी मागायला लायक नाही हे ठाऊक आहे, तरी मागते.

मुंगी

*

१६ डिसेंबर

मुंगी,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिलं, ते पान असलेलं, तेव्हाच वाचलं, मधली दोन उघडली नव्हती. चौथ्यासोबत तीही उघडली.

उत्तर न द्यायला कारण तू नव्हतीस. तू दिलेला घाव मला कळत होता, त्याला नाव होतं. ते पान मात्र मला कळेना. मी ते स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचायचे आणि परत ठेवायचे. तिन्ही वेळा ताईकडे जाताना मी यांच्यासाठी आठ दिवसांचं करून, डबे भरून ठेवले होते. डब्यांवर वार लिहिले होते, कुठल्या दिवशी काय गरम करायचं ते. त्या डब्यांतलं खाऊन, तिकडे उभं राहून, दुसऱ्या बाईचं सातवं पाणी मोजत होते. मी परत आले की हे दारात यायचे, हातातली पिशवी घ्यायचे. मला वाटायचं, माझी वाट पाहत होते. पाहतच होते. चुकीचं काही नव्हतं त्यात.

वाईट माणूस नव्हते, हे मी अजून म्हणते. पण विचारायचं राहून गेलं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. तीन वेळा पाठवलं. वहीत लिहिलं, "विचारावे का?" आणि त्यापुढे निम्मं पान कोरं सोडलं. मी मोरीपाशी होते, दहा पावलांवर. विचारायला कमीपणा वाटला, की विचारलं तर मग ते लिहावं लागेल असं वाटलं, ते आता कळणार नाही. ज्याला विचारायचं तो गेला. तू सुद्धा विचारलंस ते "काका कशी धुऊन घ्यायचे" असं.

कोणी विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. ऐक.

काचेत काही नाही. आम्लातून काढून तीन पाणी झाली की फ्लास्कच्या तळाशी एक पांढरट वलय दिसतं. ते घालवायला सगळ्या बाया तारेचा ब्रश आत फिरवतात. तुमच्या बाईही फिरवत असणार, बघ. मी नोकरीला लागले त्या वर्षी त्या ब्रशची तार माझ्या बोटात घुसली, बोट पिकलं, दोन आठवडे हात गळ्यात होता. मी तो ब्रश फेकला आणि लाकडी काठीला जुन्या साडीचं कापड गुंडाळलं. सव्वीस वर्षं तेच फिरवलं. मधे एकदा घासायची, कोणालाही येतं, असं मी तुला लिहिलं होतं. कापडाचं लिहावंसं वाटलं नाही. कोणी भांडं कशाने घासलं, हे का कोणी लिहितं? तीही माझीच चूक. यांच्यासारखीच मीही "नेहमीप्रमाणे" म्हणाले.

आता पुस्तक वाचलं म्हणून कळतं. आम्लातून काढलेल्या ओल्या भांड्यात लोखंडी तार फिरवली की जे लोह दिवसभर खपून काढलं तेच परत घातलं. आपल्याला दिसत नाही, जंतूंना पुरतं. दारातलं ते प्रथिन बसल्या जागी बसून राहतं आणि छोटा बनत नाही. तू काकांचे फ्लास्क आठवण म्हणून नुसते घुसळून धुतलेस, ब्रश लावायचा तुला धीर झाला नाही. म्हणून त्यांत रेघ आली. तेवढी एक आठवण तू खरी सांभाळलीस म्हणायची.

तेव्हा फ्लास्क कुठलेही घे. काठी लाकडाची, कापड सुती, धुऊन विरलेलं.

हे तुला सांगावं की नाही, यावर मी आठ दिवस काढले. खोटं कशाला बोलू. गप्प बसले असते तर दहा तारखेला तू खोटी ठरली असतीस, आणि एका मनाला ते चाललंही असतं. पण तुझ्याबरोबर यांची रेघही खोटी ठरली असती. आणि माझे हातही. त्या छोट्यासारखं झालं असतं, ज्याला गप्प करायचं त्याच्यासोबत आपणही तुटायचं. त्याला टंचाईत दुसरा मार्ग नसेल. मला होता.

मी पत्रिकेच्या संपादकांना पत्र लिहिलं आहे. ग्रंथपालबाईंनी टंकून दिलं, एक शब्द बदलला नाही. हे तुला मिळेल तेव्हा ते त्यांना मिळालेलं असेल. त्यात लिहिलं आहे की छोट्या आरएनएची रेघ प्रथम कोणी पाहिली, कुठल्या टेबलावर, कुठल्या वहीत. लिहिलं आहे की पहिलं चित्र त्यांचं आहे, त्यातली वाकडी रेघ का वाकडी आहे तेही. तू वह्या कशा मागितल्यास, ते लिहिलं आहे. तू पुढे जे स्वतः केलंस, लोह घालून आणि काढून ती रेघ थांबवून चालू करून दाखवलीस, ते तुझं आहे असंही लिहिलं आहे. ते यांच्या वह्यांत असू शकत नाही, कारण त्यांना माझ्या हातापुढे जाताच आलं नव्हतं. तुझं वजा केलं नाही. आणि ब्रशची गोष्ट लिहिली आहे, बोट पिकलं तिथपासून. सोबत एक्केचाळिसावं पान जोडलं आहे. खाली सही करून लिहिलं, "भांडी धुणारी". संपादकांनी छापावं न छापावं, ते त्यांचं.

तुझ्या नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. मी तुला वाचवायला हे केलेलं नाही, बुडवायलाही नाही. वाचलीस तर साहेबांना पत्र दाखव, म्हणावं, कुटुंबीयांचा पाठिंबा आहे.

वह्या परत पाठव. अकराही. बांधू नकोस, आहेत तशा. जिथे जिथे "भांडी नेहमीप्रमाणे" लिहिलं आहे तिथे मला पुढे काही लिहायचं आहे, शाईने. बरीच पानं आहेत, हिवाळा त्यात जाईल.

पण ते मी परत आल्यावर. उद्या सकाळच्या गाडीने मी ताईकडे चालले आहे, आठ दिवसांसाठी. या खेपेला मला कोणी पाठवलेलं नाही. तोवर तू काठी आणि कापड घेऊन बस, आणि मी नसताना रेघ येते का ते बघ.

काकू